गुळगुळीत

फोटो उलटा होता. विकणाऱ्याने त्याखाली एवढंच लिहिलं होतं : जुनं तांब्याचं नाणं, रोमन असावं, मागे घोडा. मी फोन फिरवून धरला आणि त्या घोड्याची लांडगी झाली. मागे वळलेली मान, पोटाखाली दोन पुसट गोळे, पाठीच्या वर दोन ठिपके. ते गोळे म्हणजे रोम्युलस आणि रेमस, लांडगीचं दूध पिणारी जुळी पोरं. ते ठिपके म्हणजे तारे. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. लिलाव संपायला चाळीस मिनिटं उरली होती, आणि तोवर कुणाचीच बोली नव्हती. लेस्टरमधल्या आमच्या स्वयंपाकघरात, विरजणाचं भांडं झाकून ठेवता ठेवता, मी ती लांडगी चार पौंडांना घेतली.

ऑनलाइन लिलावात स्वस्त नाणं मिळतं ते असं. सम्राटाचं नाव चुकलेलं असतं, फोटो अंधारात काढलेला असतो, किंवा पंधरा-वीस नाण्यांच्या एका लॉटमध्ये एखादं चांगलं नाणं इतरांच्या अंगाखाली दडलेलं असतं. ज्याचं नाव नीट लिहिलंय, ज्यावरचा चेहरा ठसठशीत आहे, त्याच्यावर जगभरातून बोली लागते. ज्याला कुणी ओळखलेलं नाही, ते ओळखणाऱ्याची वाट बघत पडून राहतं.

ही ओळखण्याची सवय मला पुण्याच्या जुन्या बाजारात लागली, शिवराई नाणी बघताना. शिवराईवर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ अशी अक्षरं. पण तांब्याची चकती ठशापेक्षा लहान, त्यामुळे एका नाण्यावर सगळी अक्षरं क्वचितच येतात. कुठे ‘राजा’ आहे तर ‘श्री’ कडेबाहेर गेलेली, कुठे ‘छत्र’ आहे आणि ‘पति’ नाही. उरलेलं आपण मनाने भरायचं. पुढे इंग्लंडात आले, लिपी बदलली, पण अर्ध्या अक्षरावरून पूर्ण शब्द वाचणारा डोळा तोच राहिला.

नाणं आठवड्याने आलं. बारीक वजनकाट्यावर सव्वादोन ग्रॅम, रुंदीला अंगठ्याच्या नखाएवढं. दर्शनी बाजूला शिरस्त्राण घातलेला मुखवटा, पण तो सम्राटाचा नाही. ती स्वतः रोमनगरी आहे. भोवती लॅटिनमध्ये ‘उर्ब्स रोमा’, म्हणजे रोम शहर. सम्राट कॉन्स्टन्टाईनने इ.स. 330 मध्ये बॉस्फरसच्या काठी नवी राजधानी वसवली, तिच्या नावाचं नाणं पाडलं आणि जोडीला जुन्या रोमच्याही नावाचं पाडलं. थोरलीचं मन राखावं तसं. राजाचं नाव नसलेलं नाणं मला फार आवडतं.

लांडगीच्या पायाखाली आडवी रेघ, आणि रेघेखाली तीन अक्षरं. भिंग लावून, दिवा तिरपा धरून वाचली : टी, आर, पी. टी-आर म्हणजे ट्रिअर, आजच्या जर्मनीतलं मोझेल नदीकाठचं शहर. पी म्हणजे तिथल्या टांकसाळीतला पहिला कारखाना. लंडनची रोमन टांकसाळ इ.स. 325 च्या सुमारास बंद झाली होती. त्यानंतर ब्रिटनमधल्या बाजारात जी चिल्लर फिरली, तिच्यातली पुष्कळशी ट्रिअर, लियाँ आणि आर्लहून येत होती. तीन अक्षरांनी मला समुद्रापलीकडची एक वाट दाखवली.

लिलावाच्या भाषेत झीज ही खोट आहे. तिथे सगळा भाव न वापरलेल्या नाण्याला. कॉन्स्टन्टाईनचं सोन्याचं सॉलिडस, रोमन पौंडाला बहात्तर या हिशेबाने पाडलेलं, आजही झळाळत पुढे येतं, कारण ते बहुतेक काळ कुणाच्या तरी पेटीत किंवा जमिनीखाली होतं. माझी लांडगी गुळगुळीत आहे ती हातांनी. भाकरी, मीठ, एखाद्या रात्रीचा निवारा, असल्या कशासाठी ती पुढे केली गेली असेल आणि सुट्टी म्हणून परत आली असेल. तेव्हाही ती स्वस्तच होती, गरिबाच्या मुठीतली. तिची आजची किंमत या झिजेमुळेच उतरली, आणि मला तर ती झीजच हवी होती. अंगठा फिरवला की लांडगीच्या पाठीचा उंचवटा जेमतेम लागतो.

एक प्रकारची स्वस्ताई मात्र मी सोडली. मातीसकट, न धुतलेली नाणी मूठमूठभर विकायला येतात. मी दोनदा घेतली. पाण्यात भिजवून, लाकडी काडीने कीट खरवडताना वाटणारी उत्सुकता खरी होती. पण ही माती कुठली, हे विचारल्यावर उत्तर आलं नाही. ज्या शेतातून ती उपसली, तिथली गोष्ट त्याच क्षणी पुसली गेली होती.

ही गोष्ट केवढी असते, हे टॉन्टनच्या संग्रहालयात ठेवलेल्या एका साठ्यावरून कळतं. 2010 मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ एका शेतात धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या माणसाला जमिनीत पुरलेला रांजण लागला. आत नाणी आहेत हे दिसताच त्याने खणणं थांबवलं आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. रांजण थराथराने रिकामा केला : 52,503 नाणी, सुमारे 160 किलो. त्यातली सर्वांत अलीकडची नाणी वरच्या थरात नव्हती, खाली होती. म्हणजे ही वर्षानुवर्षांची साठवण नव्हे. एकाच वेळी ओतलेली रास. शिवाय रांजण इतका पातळ की भरून उचलता आला नसता. आधी पुरला, मग भरला. त्यामुळे ते देवाला वाहिलेलं असावं, असंही काही अभ्यासक मानतात. त्या माणसाने भराभरा उपसलं असतं तर आज सुटी नाणी तेवढी उरली असती. म्हणून आता मी नोंद असलेली, जुन्या संग्रहातून आलेली नाणीच बघते. महाग पडतात, पडू देत.

लांडगी टेबलावर ठेवून बसले की मला तेर आठवतं. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेकाठचं. पहिल्या शतकात ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय : भडोचहून वीस दिवसांवर पैठण, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. ते तगर म्हणजे तेर. तिथून कापड बैलगाड्यांनी भडोचला जाई, पुढे गलबतांनी पश्चिमेला. रोमचं सोनं-चांदी त्याच व्यापारातून इकडे येई. आणि तेरच्या मातीत रोमन नाण्यांच्या नकला सापडल्या आहेत, भाजलेल्या मातीच्या. वर सम्राटाचा मुखवटा, आणि गळ्यात घालायला ओवण्याची सोय.

ज्याला सोन्याचं नाणं परवडत नव्हतं, त्याने मातीत छाप घेतला. अक्षरं वाचता येत नसतील, मुखवटा कुणाचा तेही ठाऊक नसेल. कुठूनतरी लांबून आलेली वस्तू एकदा पाहिली, आवडली, आणि आपल्या ऐपतीत बसेल अशी करून घेतली. मग दोऱ्यात ओवली, आणि बाजाराच्या दिवशी ती गळ्यात घालून कुणीतरी तेरच्या रस्त्याने गेली असेल.