कमाटीबागेतला एडवर्ड

बडोद्याबाहेरच्यांना कमाटीबाग म्हणजे झू आणि छोटी आगगाडी. आपल्याला ती सकाळच्या फेरीची जागा. 1879 साली ही बाग तयार झाली तेव्हा सयाजीराव जेमतेम सोळा वर्षांचे होते आणि कारभाराचे अधिकार त्यांच्या हाती यायला 1881 उजाडायचं होतं. नकाशावर तिचं नाव सयाजीबाग आहे, पण रिक्षावाल्याला मी अजून ते कधी सांगितलेलं नाही.

बागेच्या मधूनच विश्वामित्री वाहते. ऑगस्ट 2024 मध्ये तिने 35 फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची खूण 26 फुटांवर आहे. बागेत पाणी होतं, तसं आमच्या तळमजल्यावरही होतं. बाबांचं पुस्तकांचं कपाट त्यात गेलं. पाणी दोन-तीन दिवसांत ओसरलं, पण आईच्या मनातून उतरलं नाही. घर विकून पुण्याला दादाकडे जाऊ, असं ती दिवाळीपासून म्हणते आहे. मला घरून काम करता येतं, त्यामुळे नोकरीची सबबही पुढे करता येत नाही.

जानेवारीत तिला आग्रहाने बागेत नेलं. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात झाली की साधारण सहा-सात आठवड्यांनी बहर येतो, म्हणजे हे दिवस खरे बघण्याचे. एका वाफ्यात लाल गुलाबांमध्ये एकच झुडूप गुलाबी फुललं होतं. फूल काही प्रदर्शनात मांडण्यासारखं नव्हतं, पाकळ्या जरा विस्कटलेल्याच. पण वास! हल्लीच्या देखण्या गुलाबांना असा वास क्वचितच येतो.

माळीकाकांनी उलगडा केला. बागेतला गुलाब सहसा स्वतःच्या मुळांवर उभा नसतो. एखाद्या दणकट जातीच्या खुंटावर हव्या त्या जातीचा डोळा भरतात. आपल्या बाजूला त्यासाठी ‘एडवर्ड’ नावाचा जुना सुवासिक गुलाब वापरतात. मुळाशी पाणी साचून राहिलं की मुळं गुदमरतात. इथे वर भरलेला लाल गुलाब पुरानंतर वाळला, खालचा खुंट मात्र तगला आणि फुटला. हे गुलाबी फूल त्या खुंटाचं.

“मूळ बच्युं छे,” काका म्हणाले. खरं तर खुंटाची फूट दिसली की छाटून टाकायची असते, नाहीतर ती सगळं झाड बळकावते. हातात कात्री होतीच.

“रहेवा दो ने, भाई,” आई म्हणाली. चाळीस वर्षं झाली तरी तिच्या गुजरातीला सांगलीचा हेल आहे.

काका हसले. फुलं सरेपर्यंत ठेवतो म्हणाले आणि मागच्या बाजूची पेन्सिलीएवढी जाड एक काडी कापून दिली.

येताना आईने ती ओल्या रुमालात गुंडाळून मांडीवर धरली होती. अंगणात बाबांच्या तगरीशेजारी जागा आहे, मी म्हटलं.

“नको, कुंडीत लावू,” ती म्हणाली. “उचलून वरच्या मजल्यावर नेता येते. नाहीतर पुण्याला.”