प्रूफरीडरची खुर्ची

माझे मामू मुंबईत एका उर्दू दैनिकात कातिब होते. बातम्या हाती आल्या की कलम घेऊन बसायचं आणि अख्खं पान सुंदर नस्तालीकमध्ये लिहून काढायचं. १९९४ साली इनपेज हे सॉफ्टवेअर आलं आणि काही वर्षांत कातिबांची बैठक उठली. मालकाने कुणाला हाकललं नव्हतं. कॉम्प्युटरवर नवी पोरं बसवली, कातिबांना शिकता का म्हणून कुणी विचारलंच नाही. मामू पुढे लग्नाच्या पत्रिका लिहीत. म्हणायचे, “मशीनचं दुःख नाही बेटा. गलत खबर माझ्या हाताशी अडायची, ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही.”

हे बोलणं मला उशिरा समजलं. मी एका मराठी दैनिकाच्या डिजिटल डेस्कवर होतो. ऑफिसात ‘बदल स्वीकारा’ची प्रशिक्षणं चालू होती, चहा-समोसे उत्तम असत. एका रात्री तालुक्याच्या गावात हाणामारी झाली. प्रतिनिधीने व्हॉट्सअॅपवर चार ओळी टाकल्या. इतरांच्या आधी बातमी जावी म्हणून शिफ्टमधल्या मुलाने शीर्षकात समाजाचं नाव घातलं आणि बटण दाबलं. मध्ये दुसरं कुणी वाचणारं नव्हतंच.

तीच बातमी छापील अंकात ‘पार्किंगवरून दोन गटांत मारामारी’ अशी आली. कारण ती आमच्या प्रूफरीडर काकांकडून गेली होती. त्यांनी प्रतिनिधीला फोन लावून विचारलं, तेव्हा कळलं की दोन्ही बाजूंना दोन्ही समाजांची पोरं होती. वेबवरचं शीर्षक आम्ही सकाळी बदललं. तोवर स्क्रीनशॉट फिरले होते. त्या गावात माझी बहीण दिलेली आहे. तिने तो मलाच पाठवला. खाली एवढंच, “भाईजान, हे तुमच्याकडचंच ना?”

मी काय उत्तर देणार!

न्यूयॉर्क टाइम्सचा एक अंतर्गत अहवाल मे २०१४ मध्ये फुटला होता. तो मी तेव्हा पुन्हा वाचला. त्यांची अडचण सॉफ्टवेअरची नव्हती, सवयीची होती. बातमीदाराचं वर्षाचं मूल्यमापन करताना त्याच्या किती बातम्या पहिल्या पानावर आल्या हे मोजत. मग वेबसाइटसाठी जीव कोण तोडणार? पुढच्या वर्षी त्यांनी पहिल्या पानाची बैठकच बदलली. आमच्याकडे मोजणी बदलली, पण ती फक्त क्लिकची. बातमी अडवणाऱ्याला त्यात रकानाच नव्हता.

काकांना वेब डेस्कवर घ्या, असं मी सुचवलं. उत्तर आलं, ते ‘प्रिंट’चे, शिवाय निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. तीन बैठकांनंतर संध्याकाळचे तीन तास मिळाले. पहिल्या दिवशी काका लाल पेन घेऊन आले आणि स्क्रीनकडे बघत बसले. आठवड्याभरात पोरं त्यांना “काका, एवढं शीर्षक बघा” म्हणून हाका मारू लागली. एका मुलीने त्यांना कॉपी-पेस्ट शिकवलं. त्यांनी तिला ‘जमाव’ आणि ‘गर्दी’ यांतला फरक शिकवला.

महिन्याच्या अहवालात आमच्या बातम्या सरासरी काही मिनिटं उशिरा गेल्याचं दिसलं. कारण लिहा, असा मेल आलाय. मी दोनदा उत्तर लिहून खोडलं. काका विचारतात, “अरे, माझ्यामुळे तुला त्रास नाही ना?”