मेणकापड

सुटीत आजीच्या माजघरात आम्हा सात भावंडांची अंथरुणं ओळीनं पडायची. भिंतीकडच्या दोन गोधड्यांखाली मेणकापड असे. एक गोधडी माझी, दुसरी आतेबहिणीची. सकाळी अंगणातल्या दोरीवर गोधडी दिसली की शेजाऱ्यांनाही कळायचं.

उपाय सगळे झाले. काळे तीळ नि गूळ. दिवेलागणीनंतर पाणी बंद. "विस्तवाशी खेळता, म्हणून होतं हे," अशी बोलणी. एकदा घरातल्या एका मोठ्या माणसानं ओली गोधडी डोक्यावर देऊन मला अंगणात उभं केलं. तो अन्याय होता, आणि मी तो विसरलेलो नाही. आजी मात्र रात्री दोनला दंडाला धरून मोरीपर्यंत न्यायची, "शू करून घे रे बाळा," म्हणायची. आम्ही झोपेतच जाऊन यायचो. गोधडी कोरडी राहायची, पण जाग येण्याची सवय काही लागली नाही.

माझा मुलगा सात वर्षांचा झाला तरी गादी भिजायची, तेव्हा बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, शौचाला रोज साफ होतं का? साठलेला मळ मूत्राशयावर दाब देतो, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मग लघवी तपासली. पाच वर्षांच्या आत याला आजार मानतच नाहीत. पाचव्या वर्षी शंभरातली पंधराएक मुलं अंथरूण ओलं करतात, आणि दरवर्षी त्यांतल्या साधारण १५ टक्क्यांचं आपोआप थांबतं. रात्री लघवी कमी बनावी म्हणून शरीरात व्हॅसोप्रेसिन वाढतं. काही मुलांत ते पुरेसं वाढत नाही. कुणाचं मूत्राशय लवकर भरतं. आणि भरल्याची सूचना गाढ झोपेतून जागं करत नाही. पोरगं मुद्दाम करत नसतं. आईवडलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या पुढे जाते.

हे ऐकून आजीची एक कुजबुज आठवली : "तुझा बापही दहाव्या वर्षापर्यंत भिजवायचा, आणि आत्यासुद्धा." हे तिनं चारचौघांत सांगितलं असतं, तर आम्ही दोघं किती मोकळे झालो असतो!

आम्ही दिवसा भरपूर पाणी, संध्याकाळी थोडं, झोपण्याआधी शू, असं ठरवलं आणि चड्डीला लावायचा गजर आणला. थेंब पडताच तो वाजतो. पहिले पंधरा दिवस सगळं घर उठायचं, एक तो सोडून. मी त्याला हलवून पुरता जागा करायचो. एकदा सहलीसाठी डॉक्टरांनी डेस्मोप्रेसिनची गोळी दिली. तिच्यासोबत रात्री पाणी जास्त प्यायचं नाही, हे बजावून. तिसऱ्या महिन्यात एका पहाटे संडासाचा दिवा लागलेला दिसला. गजर वाजला नव्हता. तो एकटाच उठला होता.

त्याच दिवशी आतेबहिणीला फोन केला.