अण्णांच्या फियाटचे शॉकअप

गेल्या श्रावणातली गोष्ट. आईला घेऊन परळीला वैद्यनाथाच्या दर्शनाला निघालो होतो. सिरसाळ्याची वेस ओलांडून मैलभरही गेलो नसू, तोच मागच्या सीटवरून आवाज आला, "आरं थांबीव. मला बैलगाडीत न्हे, न्हाईतर घरी न्हे. ह्या गाडीत माजी पाट ऱ्हात न्हाई."

आईचे वय ऐंशीच्या पुढे, मणका झिजलेला. गाडी मागे वळवली. दर्शन राहिले ते राहिलेच, पण मनाला लागले ते वेगळेच. ही गाडी आमच्या अण्णांची.

गाडी फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९७९ चे मॉडेल. अण्णांनी १९८६ साली ती जुनीच घेतली. त्या वेळी गावात चारचाकी म्हणजे मोजून दोन. रात्री-बेरात्री कुणाची लेकबाळ अडली की लोक आमचे दार वाजवायचे आणि अण्णा धोतराचा सोगा खोचून अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्याकडे गाडी काढायचे. पैसे कधी घेतले नाहीत. माझ्या धाकट्या बहिणीचा जन्मही त्याच दवाखान्यात, याच गाडीतून जाऊन. अण्णा गेले, गाडी राहिली. थोरला मुलगा म्हणतो, "भंगारात द्या, पंधरा दिवसांनी एकदा तर निघते." त्याचे गणित चुकीचे नाही. दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी अंबाजोगाईला परिवहन कार्यालयात गाडी न्यावी लागते, ती तारीखही जवळ आली होती. खर्च करायचा की गाडी मोडीत काढायची, हे आता ठरवणे भाग होते.

गंमत अशी की गाडीला शॉकअप नवे होते! दोनच वर्षांपूर्वी मी चारही बदलले होते. (खरा शब्द शॉकॲब्झॉर्बर, पण आपल्याकडे गॅरेजात तो कुणी पुरा म्हणत नाही.) एका दुकानदाराने धुळीने भरलेली खोकी काढून दाखवली. "जुना माल आहे, असला आता मिळत नाही. टणक आहेत, जन्मभर जातील," म्हणाला. टणक म्हणजे टिकाऊ, असे आपले शेतकऱ्याचे डोके. कुऱ्हाडीचा दांडा बघावा तसे मी ते हाताने दाबून बघितले, दबेनात, म्हणून खूश होऊन घेऊन आलो.

आईला घरी सोडले आणि तसाच परळीला आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी हत्यार म्हणून हातात घेतलेच नाही. पुढचे डाव्या बाजूचे मडगार्ड दोन्ही हातांनी खाली दाबले आणि सोडले. गाडी वर आली ती तिथेच थिजली, जणू खाली लाकूड ठोकले आहे. मग मागची बाजू दाबून सोडली. ती आपली झोळीसारखी वर-खाली, वर-खाली.

"मालक, फुडचे आकडलेत आन् मागचे मेलेत," मिस्त्री म्हणाले. "कुनी दिले हे?"

मी नाव सांगितले नाही. आपणच डोळे मिटून घेतले, तर दुसऱ्याला काय म्हणायचे?

त्या दिवशी मिस्त्रींनी मला जे समजावले ते चाळीस वर्षे गाडी चालवून मला ठाऊक नव्हते. मी समजत होतो, गाडीचे वजन शॉकअपवर असते. तसे नसते. वजन तोलतात त्या स्प्रिंगा. फियाटला पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत आणि मागे कमानपाटे. खड्डा आला की स्प्रिंग दबते, पण दबलेली स्प्रिंग उसळणारच, आणि उसळत राहणार. ते उसळणे थांबवायचे एवढेच शॉकअपचे काम. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोके आणि झडपा. विहिरीत पोहताना हात सावकाश फिरवला तर पाणी वाट देते, झटक्याने मारला तर अडवते. तेलाचेही तसेच. स्प्रिंग जितक्या जोराने उसळेल तितके तेल तिला जास्त अडवते. उसळण्याचा जोर तेलात जिरतो आणि तेल तापते.

यातून एक सोपी परीक्षा निघते. खराब रस्त्यावरून दहा-बारा किलोमीटर येऊन गाडी थांबवावी आणि चारही नळ्यांना जपून हात लावून बघावा, सायलेन्सरजवळ मात्र जाऊ नये. कोमट लागली ती नळी काम करते आहे. बाकीच्या कोमट आणि एकच गार असेल, तर ती नुसती लोंबकळते आहे.

आता माझ्या 'जन्मभर' जाणाऱ्या मालाचे काय झाले? मिस्त्रींनी मागचा एक खोलून पुसून दाखवला. दांडीच्या तोंडाशी रबराचे सील असते, ते चिरफळले होते. दुकानाच्या फळीवर ते कोण जाणे किती वर्षे पडून होते. वापर नसला तरी रबराचे वय होतेच. बांधून ठेवलेले नाडे जसे पावसाळ्यात काढावे आणि तटकन तुटावे, तसेच. गाडीला लावल्यावर चार महिन्यांत तेल गळून गेले असणार. पुढचे दोन मात्र दुसऱ्याच गाडीचे, जास्त कडक आणि लांबीला जास्त. गाडी दबली की गाडीचा रबरी ठोकळा टेकायच्या आधी शॉकअपच तळाला आदळायचा. तो दणका सरळ पत्र्याला आणि पत्र्यावरून आईच्या पाठीला. जिथे शॉकअप बसतो तिथल्या पत्र्याला केसाएवढी चीरही गेली होती, ती वेल्डिंग करून घ्यावी लागली.

आणि आमचा रस्ता तुम्हाला माहीत आहेच. खाली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचे डांबर तिच्यासंगे वर-खाली होते. त्यात साखर कारखाने सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात आणि चाकोऱ्या पाडतात. असल्या रस्त्यावर तग धरायचा तर टणकपणा कामाचा नाही, मापात बसणे कामाचे.

माप घेण्यात आमची एक सकाळ गेली. चाक पुरते लोंबकळत ठेवून दोन बोल्टांमधले अंतर मोजले, मग गाडी पुरती दाबून पुन्हा मोजले. नवा शॉकअप पहिल्या मापापर्यंत ताणला गेला पाहिजे आणि दुसऱ्या मापाच्याही आत दबला पाहिजे. मागचे पाटे जुनेपणाने बसले होते, म्हणून आधी त्यांना लोहाराकडून बाक देऊन घेतला. पाटे बसलेले असताना नवे शॉकअप घालणे म्हणजे मोडक्या जुवाला नवी शिवळ.

मग माल शोधणे आले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या निघाल्या, त्याही नव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद झाल्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली. टॅक्सी गेल्या तसे सुट्या भागांचे गिऱ्हाईकही पांगले. लातूरला तीन दुकाने पालथी घातली. एका ठिकाणी रंग मारून चकचकीत केलेले जुनेच होते. दांडीवर नखाला लागणारा ओरखडा दिसला, ठेवून दिले. ओरखडा सील खातो. दुसऱ्याकडे गॅसचे होते. त्यात तेलासोबत नायट्रोजन भरलेला असतो, म्हणून तेलाचा फेस होत नाही. चांगली वस्तू, पण लांबी जुळेना. तिसऱ्याकडे साध्या तेलाचे, मापाचे आणि नळीवर त्याच वर्षाचा शिक्का असलेले चार मिळाले. जवळजवळ क्विंटलभर कापसाचे पैसे गेले. मुलगा काही बोलला नाही, पण त्याने हिशेबाच्या वहीत ते लाल शाईने लिहिले.

बसवताना मिस्त्रींनी घाई करू दिली नाही. खोक्यात आडवे पडून नळीत हवा शिरते, म्हणून प्रत्येक शॉकअप उभा धरून पाच-सहा वेळा पुरता ओढला, पुरता दाबला, आणि पुन्हा आडवा न ठेवता चढवला. दांडीला पक्कड लावायची नाही, अशी पोराला ताकीद. मागचे बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते हाताने बसवले, आणि गाडी चारी चाकांवर उतरल्यावर आवळले. आधी आवळले तर बुशाचे रबर कायमचे पिळलेले राहते.

नोंदणीच्या कामाला अंबाजोगाईला निघालो तेव्हा आईला म्हटले, "येतीस का? दवाखान्यातबी दाखवू पाट." तिने चारदा विचारून घेतले आणि उशी घेऊन बसली. परळी मागे पडली, घाट चढलो, तरी मागून आवाज नाही. आरशात बघितले तर उशी मांडीवर आणि आई खिडकीतून बाहेर बघते आहे.

दवाखान्याच्या आवारात गाडी लावली आणि उतरून मी एकेका चाकाशी वाकून हात लावत फिरलो. तीन नळ्या चांगल्या कोमट. चौथी, मागची उजवी, जरा कमी. पुन्हा हात लावून बघत होतो.

आई खिडकीतून डोकावली. "आरं, खाली काय हुडकायलास? नंबर लाव की आदी."