आजच्यापुरती भाकर

आमच्या लहानपणी गिरणीचा भोंगा झाला की सोलापूरच्या चाळींतून भाकऱ्या बडवल्याचा आवाज यायचा. लक्ष्मी-विष्णू असो की नरसिंग गिरजी, पाळीवर जाणाऱ्याचा डबा आधी, पोरांचं नंतर. काठवटीत ज्वारीचं पीठ, त्यात कढत पाणी. उंडा मळून पाण्याच्या हातानं थापलेली भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्याशी टेकवली की टम्म फुगायची. आम्हा ख्रिस्ती घरांत फरक एवढाच, की घास मोडण्याआधी डोळे मिटून आशीर्वाद मागायचा. भुकेल्या पोरांना ती प्रार्थना नेहमीच लांबलेली वाटे. आता भोंगे थांबले, घरात भाकरीपेक्षा पोळ्या जास्त होतात, सकाळी ब्रेडचं पाकीट उघडतं. आशीर्वाद मागणं अजून आहे. लग्नाच्या बुफेत ताट हातात घेऊन उभं राहिलं की तेवढं राहून जातं.

येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत देवाकडे मागायची ती आजची भाकर. कोठारभर नाही, वर्षाची बेगमी नाही. तेव्हा हे मागणं हिशेबाला धरून वाटायचं, कारण डब्यात पीठही तेवढंच असायचं.

त्याच्याही आधीचं आजीकडून ऐकलेलं. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं आणि १८६०च्या दशकात सोलापुरात स्थिरावलं. १८९९-१९००च्या दुष्काळात आईबाप गेलेली किती तरी पोरं मिशनच्या आश्रयाला आली. 'भाकरीसाठी बाटले' हा टोमणा तेव्हापासूनचा. आजी त्यावर चिडत नसे. म्हणायची, "उपाशी लेकराला भाकर देणारा देव नव्हं, तर मग कोण?" आज हा टोमणा समोरासमोर क्वचितच ऐकू येतो. पण त्याला आजीइतकं ठणकावून उत्तर देणारेही आता कमीच.

१९७२ आम्ही स्वतः पाहिलं. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं, त्यांच्या हातावर पडणारी सुकडी आणि रेशनवरची अमेरिकेची तांबडी मिलो. मालदांडीवर वाढलेल्या जिल्ह्याला ती मिलो घशाखाली उतरेना. पिठाला चिकाटी नाही, भाकरी थापता थापता कडा फाटायच्या. आई ती भाकरी दोन्ही हातांनी सांभाळत तव्यावर टाकायची आणि त्या फाटक्या भाकरीवरही आशीर्वाद तेवढाच मागितला जायचा. शाळेत मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट असायची, बादशहाची कोठारं भुकेल्यांना खुली करणाऱ्यांची. शब्बाथशाळेत पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची. त्या पाच जवाच्या भाकरी एका पोराच्या होत्या, असं योहान लिहितो. दोन्ही गोष्टींत देवाचं देणं आलं ते कुणी तरी हातातलं पुढं केल्यावर. रांगेत उभ्या असलेल्या आम्हाला हे समजावून सांगावं लागलं नाही.

उपकारस्तुतीच्या रविवारी खेड्यांतली मंडळी कणसांच्या पेंढ्या, भोपळे, अंडी, कधी पाय बांधलेली कोंबडी घेऊन यायची. वेदीपुढं शेत उभं राहायचं. भक्ती संपली की लिलाव. पाच रुपयांच्या भोपळ्याला पाळकसाहेब हसत हसत पंधरा रुपये आणायचे. आता पाकिटं येतात, त्यात नोटा असतात आणि मंडळीचा हिशेब सोपा होतो. प्रभुभोजनाच्या ताटात मात्र पावाचे तेच लहान चौकोनी तुकडे. गिरणी कामगाराला आणि हेडमास्तरांना तुकडा सारखाच मिळायचा. आज मोटारीतून येणाऱ्याला आणि यंत्रमागावर राबणाऱ्याला सारखाच मिळतो. एवढ्या वर्षांत एवढं एक तरी बदललं नाही.

बदलली ती भाकरी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पूर्वी प्रवासाला निघताना शिदोरीत बांधली जाणारी कडक भाकरी आज शेंगा चटणीसोबत पाकिटबंद होऊन पुण्या-मुंबईला जाते. पातळ थापायची, भाजून झाली तरी मंद आचेवर ठेवून पाण्याचा अंश घालवायचा. मोडली की पापडासारखी वाजते आणि महिना महिना टिकते. ती थापणाऱ्या बायकांची चूल त्यावर पेटते, म्हणजे कुणाची तरी आजची भाकर आपल्या पुढच्या महिन्याच्या भाकरीत असते. याला देवाचं देणं म्हणायला माझी हरकत नाही.

निर्गमाच्या पुस्तकात इस्राएली लोकांना रानात मान्ना मिळतो. ज्याला जेवढा लागतो तेवढाच गोळा करायचा. उद्यासाठी ठेवला की किडे पडायचे, फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा. आमच्या लहानपणी गरिबीच ही शिस्त लावायची, हावरटपणाला वाव नव्हता. त्या गरिबीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. मिलोची भाकरी पुन्हा कुणाच्या ताटात येऊ नये. पण आता भाकरीला किडे पडत नाहीत, फ्रीजही भरलेला असतो. आजच्यापुरतं मागण्याची शिस्त जी पूर्वी रिकामा डबा लावायचा, ती आता भरल्या डब्यासमोर बसून ज्याची त्यानं लावून घ्यायची आहे. ते उपाशीपोटी प्रार्थना करण्यापेक्षा अवघड आहे.