निखारे दाराबाहेरच ठेवा

आज राजकारण नाही, चाकण चौकातलं ट्रॅफिकही नाही. थंडीवर लिहितोय, कारण चूक माझ्याच घरात झाली.

गेल्या डिसेंबरात आई गावाहून आमच्या मोशीच्या फ्लॅटवर आली होती. रात्री तिला हुडहुडी भरली. मी शेगडी पेटवली, धूर संपून लाल निखारे झाल्यावर तिच्या खोलीत नेऊन ठेवली. गार वारं नको म्हणून खिडकी बंद, दार लोटलेलं. तासाभराने सहज डोकावलो तर आई म्हणाली, "डोकं लई दुखतंय रे, मळमळतंय." उठायला गेली तर तोल गेला. दार-खिडकी उघडून तिला गॅलरीत बसवलं, मग दवाखाना गाठला. डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, "खोलीत शेगडी होती का?"

आई वाचली. पण डोकावलो नसतो तर?

धूर नाही म्हणजे धोका नाही, हा माझा समज. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून जास्त घट्ट धरतो. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधल्या दामनला केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले. आठही गेले, त्यात चार लहान मुलं.

आई म्हणते, "गावाकडं जन्मभर शेगडी होती, काही झालं नाही." खरंय. पण तिथं कौलांच्या फटींतून वारं खेळायचं. आता वर स्लॅब आणि खिडकीला सरकती काच.

तेव्हापासून कुरुळी, नाणेकरवाडी, खराबवाडीच्या भाड्याच्या खोल्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. दहा बाय दहाच्या खोलीत चार-पाच पोरं. सेकंड शिफ्ट सुटली की बाहेर घमेल्यात पॅलेटची लाकडं पेटवतात. तिथवर ठीक. झोपताना तेच घमेलं आत येतं, तिथं घात होतो.

मग ऊब कशी मिळवायची? थंडी फरशीतून चढते. गादीखाली पुठ्ठा आणि सतरंजी टाका. कानटोपी, पायमोजे घाला. रबरी पिशवीत गरम पाणी भरून, कापडात गुंडाळून पायाशी घ्या. हीटर असेल तर 2000 वॅटचा हीटर तासाला 2 युनिट खातो आणि जवळपास 9 अँपिअर ओढतो. तो 6 अँपिअरच्या साध्या प्लगवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका. अर्थिंग असलेला 16 अँपिअरचा पॉइंट हवा. अंथरुणापासून तीन फूट लांब ठेवा आणि झोपण्याआधी बंद करा. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेरच असू द्या.

शेगडीजवळ कुणाचं डोकं दुखलं, चक्कर आली, तर थंडी वाजली म्हणू नका. दारं उघडा, माणसाला मोकळ्या हवेत काढा, 108 ला फोन करा.

खोलीमालकांनो, महिन्याच्या महिन्याला भाडं घेताच. प्रत्येक खोलीला वरती बंद न होणारी एक जाळी बसवा. जाळी आहे म्हणून निखारे आत चालतील असं मात्र नाही, हेही भाडेकरूंना सांगा. पोरं बिहार-यूपीची असतील तर हिंदीत सांगा. त्यांचीही आई गावाकडं फोनची वाट बघत असते.