सायकलची सीट

सायकलस्वाराचे हात हँडलवर, पाय पायडलवर आणि डोळे रस्त्यावर असतात. सीटची आठवण त्याला होते, ती टोचू लागल्यावरच! पहाटे घरोघर वर्तमानपत्रे टाकून वह्या-पुस्तकांचा खर्च भागवणाऱ्या मुलाचेही असेच होते. अंग ठणकू लागले, की तो साठवलेले पैसे घेऊन बाजार गाठतो आणि बोटाने दाबून दाबून सर्वांत गुबगुबीत सीट पसंत करतो.

बिचाऱ्याला ठाऊक नसते, की हा मऊपणा फसवा आहे! बसलेल्या शरीराचा भार कमरेखालच्या दोन हाडांनी पेलायचा असतो. फार मऊ सीटमध्ये ती हाडे रुततात आणि भोवतालच्या नाजूक भागावर दाब येतो. दोन्ही हाडे नीट टेकतील एवढी रुंद आणि बेताची टणक सीटच दूरच्या रपेटीत सुख देते.

जाणता कारागीर नवी सीट दाखवण्याआधी पाना हाती घेतो. तो जुनी सीट समतल करतो. अगदी खाली गेलेल्या पायडलवर टाच ठेवली असता पाय सरळ व्हावा, इतकी तिची उंची राखतो. चामड्याची सीट सैल पडली असेल, तर तिच्या पुढच्या टोकाखालचा नट जरासा आवळतो. पुष्कळदा एवढ्यानेच दुखणे थांबते!

मग साठवलेले पैसे खिशातच राहतात आणि मुलगा त्याच सायकलवरून, शीळ घालीत, वह्या आणायला निघतो.